ब्रेबॉर्नला जाऊन आलो

आपल्या सोलापूरचा क्रिकेटवाला माणूस मुंबईला गेला की वानखेडे बघून येतो. बाहेरनं फोटो काढायचा, स्टेटसला टाकायचा, मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसायचं आणि रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडून घरी, मी पण कैक वर्षं हेच केलं. पण वानखेडेपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर ब्रेबॉर्न स्टेडियम आहे, आणि माझं आता पक्कं मत झालंय की सोलापूरकरानं आधी तिथं जावं, वानखेडे नंतर. का ते सांगतो, जरा लांबण लागेल पण वाचा.

आमचे आण्णा मिलमध्ये होते. त्यांना क्रिकेट कळायचं ते रेडिओवरनं, आणि घरात मॅचचा विषय निघाला की कुठनं तरी ते उम्रीगरवर यायचेच. "पॉली उम्रीगर आपल्या सोलापूरचा बरं का." आम्ही पोरं तेंडुलकरच्या जमान्यातली, आम्हाला वाटायचं म्हातारपणी माणूस आपल्या गावाचं काहीतरी मोठं करून सांगतो. पण ते खरंच आहे. पहलन रतनजी उम्रीगर, जन्म 28 मार्च 1926, सोलापूर. पारशी घर, वडिलांचा कपड्यांचा धंदा, पॉली शाळकरी वयात असताना घर मुंबईला गेलं. पुढं 59 कसोटी, 3631 रन, 12 शतकं आणि वर 35 विकेट. 1962 मध्ये ते खेळायचे थांबले तेव्हा भारताकडनं सगळ्यात जास्त कसोटी, सगळ्यात जास्त रन, सगळ्यात जास्त शतकं, तिन्हीकडं त्यांचंच नाव पहिलं. भारताचं कसोटीतलं पहिलं द्विशतक पण त्यांचंच, 1955 ला हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध 223. आणि 1962 ला पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडिजच्या घरात जाऊन 56, परत 172 नाबाद, आणि बॉलिंगमध्ये 5 विकेट, हे सगळं एकाच मॅचमध्ये! मॅच आपण हरलो तरी आण्णांना ते आकडे पाठ होते.

बीसीसीआय दरवर्षी वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला जो पॉली उम्रीगर पुरस्कार देतं तो याच माणसाच्या नावाचा. कोहलीला मिळाला, बुमराहला मिळाला की आपण पोस्ट शेअर करतो, पण ज्याच्या नावानं तो दिला जातो तो माणूस आपल्याच गावात जन्मला हे मी आमच्या कट्ट्यावर सांगितलं तेव्हा निम्म्या लोकांनी मोबाईल काढून चेक केलं. मला त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता ब्रेबॉर्नचा संबंध. उम्रीगर 1944 ला अठराव्या वर्षी पारशी टीमकडनं पेंटँग्युलर नावाची स्पर्धा खेळले (तिचं पुढं सांगतो), आणि ती तेव्हा ब्रेबॉर्नवर व्हायची. मग 1948 ला वेस्ट इंडिजची टीम पहिल्यांदा भारतात आली, कॉलेजच्या पोरांच्या टीमकडनं, म्हणजे कंबाइंड युनिव्हर्सिटीजकडनं, उम्रीगरनी पाहुण्यांविरुद्ध 115 नाबाद मारले आणि थेट कसोटी संघात. 9 डिसेंबर 1948, पॉली उम्रीगरची पहिली कसोटी, आणि ती ब्रेबॉर्नवरची पण पहिली कसोटी! म्हणजे त्या मैदानावर कसोटी क्रिकेट ज्या दिवशी सुरू झालं त्या दिवशी अकरात एक सोलापूरचा जन्म असलेला होता. हे मला कळलं तेव्हा मी रात्री साडेअकराला दादाला फोन लावला होता.

तरी जाणं काही होत नव्हतं, कारण ब्रेबॉर्न म्हणजे क्रिकेट क्लब ऑफ इंडिया, मेंबर लोकांचा क्लब. वॉचमनला सांगून आत जाऊन बघू असं तिथं चालत नाही, एकतर मेंबरबरोबर जायचं नाहीतर मॅचचं तिकीट काढून. मग मार्च 2023 ला बायकांची पहिली प्रीमियर लीग आली, मॅचेस डी वाय पाटील आणि ब्रेबॉर्नवर, आणि यूपी वॉरियर्झच्या टीममध्ये किरण नवगिरे. किरण माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची, शेतकऱ्याची पोरगी, आधी भालाफेक, गोळाफेक करायची, मग क्रिकेटला आली आणि नागालँडकडनं खेळताना एका टी-ट्वेंटीत 162 मारले, एकट्या बाईनं! स्पर्धेतल्या यूपीच्या पहिल्या मॅचला बॅटवर स्वतःच्या हातानं एमएसडी 07, म्हणजे धोनीचं नाव आणि नंबर, लिहून उतरली आणि फिफ्टी मारली. ती मॅच आमच्या पुतणीनं टीव्हीवर बघितली, आणि दुसऱ्या दिवसापासनं घरात एकच, काका आपण जायचंच. ती स्वतः टेनिस बॉलवर पोरांच्यात खेळते, बॉलिंग चांगली टाकते. 12 मार्च, रविवार, यूपी विरुद्ध मुंबई, ब्रेबॉर्न. तिकिटं काढली. शनिवारी रात्री सिद्धेश्वरमध्ये बसलो, वहिनीनं दशम्या आणि शेंगाचटणी बांधून दिली होती.

सीएसएमटीला उतरल्यावर टॅक्सी करू नका, चालत जा, हे माझं सगळ्यांना सांगणं आहे. मॅच संध्याकाळी होती, दिवस मोकळा होता, आम्ही चहा पिऊन पहिल्यांदा आझाद मैदान गाठलं. रविवारी सकाळी तिथं एकात एक घुसलेल्या इतक्या मॅचेस चालू असतात की एका मॅचचा फाइन लेग दुसऱ्या मॅचच्या पॉइंटला पाठ लावून उभा असतो, आणि कुणाचा बॉल कुणाचा हे त्या पोरांना बरोबर कळतं. सचिन आणि कांबळीनं शाळेकडनं 664 ची पार्टनरशिप केली, 1988 ला, ती इथलीच. मैदानाच्या दक्षिण टोकाला बॉम्बे जिमखाना. भारतातली पहिली कसोटी तिथं झाली डिसेंबर 1933 मध्ये, सी. के. नायडू कॅप्टन, समोर जार्डिनची इंग्लंड, आणि लाला अमरनाथनी पहिल्याच कसोटीत 118 मारून भारताचं पहिलं कसोटी शतक केलं. आपण रस्त्यावरनंच बघायचं, कुंपणातनं हिरवळ दिसते तेवढी. पुतणी म्हणाली, एवढ्याशा जागेत टेस्ट? मी म्हटलं म्हणून तर ब्रेबॉर्न बांधलं.

तिथनं ओव्हल मैदान. एका बाजूला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, दुसऱ्या बाजूला गोल कोपऱ्यांच्या जुन्या आर्ट डेको बिल्डिंगा, हा सगळा पट्टा 2018 ला युनेस्कोच्या यादीत गेला. आम्ही तिथं एका झाडाखाली बसून दशमी खाल्ली आणि एका क्लबची मॅच अर्धा तास बघितली. मग रस्ता ओलांडला की चर्चगेट, आणि स्टेशनपासनं पाच मिनिटांवर ब्रेबॉर्न. बाहेरनं ते स्टेडियम आहे असं पटकन कळतच नाही, खाली दुकानं, ऑफिसं, वीर नरिमन रोडवरनं हजार वेळा गेलेल्या माणसाला पण आत एवढं मैदान आहे याचा पत्ता नसतो.

जागेची गोष्ट लै भारी आहे. 1933 ला क्रिकेट क्लब ऑफ इंडिया निघाला, त्याचे कर्ते अँथनी डिमेलो. बॅकबेला समुद्र हटवून भराव टाकून नवी जमीन तयार होत होती आणि ती सरकारच्या हातात. डिमेलो गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्नकडं गेले आणि असं सांगतात की त्यांनी सरळ विचारलं, साहेब तुमच्या सरकारला पैसा पाहिजे का तुम्हाला अमर व्हायचंय? गव्हर्नरनं दुसरं निवडलं. साधारण 90 हजार चौरस यार्ड जागा साडेतेरा रुपये यार्डानं मिळाली. मे 1936 ला पायाभरणी, 7 डिसेंबर 1937 ला उद्घाटन. उद्घाटनाला क्लबची मॅच होती लॉर्ड टेनिसनच्या टीमशी. क्लबातच राहायच्या खोल्या होत्या, प्लेअर वरच्या मजल्यावर झोपायचे आणि सकाळी जिना उतरून बॅटिंगला यायचे, भारतात असं दुसरं मैदान नव्हतं.

पेंटँग्युलर म्हणजे काय हे आजच्या पोरांना सांगितलं तर विश्वास बसत नाही. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन, आणि राहिलेले सगळे 'द रेस्ट', अशा धर्मावर पाडलेल्या पाच टीम. गांधीजींनी त्याला विरोध केला होता, आणि 1946 ला ती स्पर्धा बंद झाली ते चांगलंच झालं. पण तिथं झालेलं क्रिकेट मात्र विसरण्यासारखं नाही. 1943 ची फायनल घ्या. आपले सांगलीचे विजय हजारे ख्रिश्चन म्हणून रेस्टमध्ये. आधीच्या मॅचला त्यांनी 248 करून विक्रम केला, फायनलला हिंदूंकडनं विजय मर्चंटनी 250 नाबाद करून तो मोडला, टीमचे 581. रेस्ट 133 मध्ये ऑल आउट, फॉलोऑन. आणि मग दुसऱ्या डावात रेस्टचे एकूण 387, त्यात एकट्या हजारेंचे 309!! भाऊ विवेक हजारे एका बाजूनं नुसते उभे राहिले, दोघांची 300 ची पार्टनरशिप, त्यात विवेकचे 21. मॅच डावानं हरली रेस्ट. पण मी स्टँडमध्ये बसलो होतो तेव्हा खाली त्या पिचकडं बघत मला सारखे ते 21 रनच आठवत होते, भावासाठी एका टोकाला किती वेळ उभा राहिला असेल तो माणूस.

1948 च्या त्या पहिल्या कसोटीत वेस्ट इंडिजनी 6 बाद 629 वर डाव सोडला, एव्हर्टन वीक्स 194. आपण 273, फॉलोऑन, आणि मग रुसी मोदी 112 आणि परत हजारेच, 134 नाबाद, मॅच ड्रॉ. (जाता जाता सांगतो, ती मॅच संपून आठवडा व्हायच्या आत पुण्यात पूना क्लबवर आपले कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध 443 नाबाद झाले होते, ब्रॅडमनचा 452 चा विक्रम नऊ रनवर, आणि समोरच्या टीमनं मॅचच सोडून दिली. तो डिसेंबर महाराष्ट्राच्या क्रिकेटचा वेगळाच महिना होता.) त्याच सिरीजची शेवटची कसोटी परत ब्रेबॉर्नवर, फेब्रुवारी 1949. जिंकायला 361, हजारेंचं शतक, फडकर शेवटपर्यंत उभे, 8 बाद 355, सहा रन पाहिजेत, आणि वेळ थोडा शिल्लक असतानाच अंपायरनं बेल्स उचलल्या, म्हणजे मॅच संपवली. जिंकलो असतो तर भारताचा कसोटीतला पहिला विजय ठरला असता, त्यासाठी पुढं तीन वर्षं वाट बघावी लागली. आण्णा ही गोष्ट सांगताना दरवेळी चिडायचे, जणू काल झालंय.

उम्रीगरचं ब्रेबॉर्नवरचं शतक पण आहे, नोव्हेंबर 1952, पाकिस्तानविरुद्ध 102, बरोबर हजारे 146 नाबाद, आणि दहा विकेटनी जिंकलो. मग 1960 ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध अब्बास अली बेगनी फिफ्टी मारल्यावर स्टँडमधनं एक मुलगी पळत आली आणि भर मैदानात त्याच्या गालाचा मुका घेऊन गेली, त्या काळात! 1973 ला इंग्लंडची कसोटी, विश्वनाथचं शतक झालं तेव्हा साडेसहा फुटाच्या टोनी ग्रेगनं त्याला लहान बाळासारखं हातावर घेऊन झुलवलं. सलीम दुराणी आपली शेवटची कसोटी तीच खेळला.

आणि ब्रेबॉर्नची पण पुढं 36 वर्षं ती शेवटचीच ठरली. कारण काय, तर तिकिटं. क्लब मैदानाचा मालक, मॅच भरवणार मुंबईची क्रिकेट असोसिएशन, कुणाला किती सीट यावरनं वर्षानुवर्षं भांडण. शेवटी असोसिएशनचे शेषराव वानखेडे म्हणाले आम्ही आमचं बांधतो, आणि खरंच वर्ष-सव्वा वर्षात एक किलोमीटरवर नवं स्टेडियम उभं केलं, जानेवारी 1975 ला तिथं कसोटी. वानखेडेनी जे केलं त्यात माझ्या मते काही चूक नव्हतं, साध्या माणसाला मॅच बघायला जागा पाहिजेच की. पण खुर्च्यांच्या भांडणात एवढं मैदान बाजूला पडलं याची हळहळ वाटते ती वाटतेच. परत कसोटी आली ती डिसेंबर 2009 ला, वानखेडे 2011 च्या वर्ल्ड कपसाठी तोडून बांधत होते म्हणून. सेहवागनं 293 काढले, भारत 9 बाद 726, श्रीलंकेला डावानं हरवलं आणि भारत पहिल्यांदा कसोटीत एक नंबरला गेला. तो क्षण ब्रेबॉर्नच्या नशिबात होता. मधल्या काळात तेंडुलकरनं आयुष्यातलं पहिलं द्विशतक पण इथंच केलेलं, 1998 ला मुंबईकडनं ऑस्ट्रेलियाविरुद्ध, वॉर्नला धुतलं ते.

आता आमची मॅच. आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे मैदान जवळ वाटतं. वीसेक हजार लोकांचं स्टेडियम, जाळीमागं लांब कुठंतरी बसलोय असं नाही, फील्डर एकमेकांशी बोलतात ते तोंडावरनं कळतं. समोर पॅव्हेलियनची जुनी इमारत, संध्याकाळी समुद्राकडनं वारं आलं आणि दिवसभराच्या चालण्याचा शीण गेला. पुतणी एक शब्द न बोलता पॅव्हेलियनकडं बघत होती, मग म्हणाली, काका, उम्रीगर तिथनंच उतरले असणार ना. म्हटलं व्हय, तिथनंच.

यूपीची पहिली बॅटिंग. हीली 58, मॅकग्रा 50, एकूण 159. किरण आली तेव्हा आमच्या आजूबाजूच्या मुंबईवाल्यांना कळेना हे दोघं एवढे का उभे राहिलेत. पुतणी बेंबीच्या देठापासनं ओरडली, सोलापूर! किरणला त्या दिवशी मोठी खेळी जमली नाही, आउट झाली तेव्हा पुतणी हिरमुसली, पण मला मनात एकच चाललेलं, की 1948 च्या डिसेंबरात या हिरवळीवर एक सोलापूरचा पोरगा पहिल्यांदा देशाकडनं उतरला आणि 74 वर्षांनी सोलापूर जिल्ह्यातली एक पोरगी तिथंच बॅट घेऊन उभी राहिली. मधे किती काय बदललं, माझ्या डोळ्यात पाणी आलं, आलं तर आलं. हरमनप्रीतनं 53 नाबाद मारून मुंबईला आरामात जिंकवलं. पुढं फायनल पण इथंच झाली 26 मार्चला. 2013 च्या बायकांच्या वर्ल्ड कपची फायनल पण याच मैदानावर होती, तेव्हा बायकांचं क्रिकेट बघायला ब्रेबॉर्नसारखं मैदान नाही असं मी म्हणतो.

रात्री आत्याकडं डोंबिवलीला मुक्काम. सोमवारी परत चर्चगेटला आलो, कारण एक राहिलं होतं. ब्रेबॉर्नच्याच इमारतीत के रुस्तम म्हणून पारशी आइस्क्रीमचं जुनं दुकान आहे, दोन पातळ बिस्किटात आइस्क्रीमची जाड वडी घालून कागदात देतात, हातात घेऊन फुटपाथवरच खायचं, वितळायच्या आत. आण्णा असते तर म्हणाले असते पारश्याच्या मैदानात पारश्याचं आइस्क्रीम. तिथनं मरीन ड्राइव्हनं चालत गेलं की आधी वानखेडे, आणि मग पुढं पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना लागतात, पेंटँग्युलरच्या टीमची ही घरं. एवढं सगळं एका सकाळी पायी होतं. दुपारची वंदे भारत धरली, रात्री सोलापूर.

ज्यांना जायचंय त्यांनी एवढंच करा, बायकांच्या लीगच्या किंवा इंटरनॅशनल मॅचेस ब्रेबॉर्नला लागल्या की तिकीट काढून ठेवा, नुसतं मैदान बघायला म्हणून गेलात तर गेटवरनं परत यावं लागेल. आणि उन्हाळ्यात जाणार असाल तर आझाद मैदान सकाळी नऊच्या आत.

जानेवारी 2024 ला आपल्या सोलापूरच्या पार्क स्टेडियमवर रणजी मॅच आली, महाराष्ट्र-मणिपूर. बऱ्याच वर्षांनी रणजी सोलापुरात. मी एक दिवस रजा टाकली, पुतणी शाळा बुडवून आली, वहिनीला माहीत होतं, दादाला नव्हतं. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा तोंडावर, यात्रेच्या होम मैदानावर पाळणे उभे राहत होते, आणि इकडं पार्कवर पांढऱ्या कपड्यातले प्लेअर, शांत, बॅटवर बॉल लागल्याचा आवाज स्टँडपर्यंत येत होता. मागच्या बाकावर दोन पोरं बसली होती, कॉलेजची असतील. एक दुसऱ्याला विचारत होता, आपल्या सोलापूरचा कोण इंडियाकडनं खेळलाय का रे? दुसरा विचार करत होता. आमची पुतणी मागं वळली आणि बाक ओलांडून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. लंच झाला तरी तिचं सांगणं संपलं नव्हतं, 223 पासनं सुरू केलं होतं आणि तेव्हा कुठं पोर्ट ऑफ स्पेनला पोचली होती.